कंपनीने बंद केलेल्या ड्रॉपर सीटपोस्टची सर्व्हिस बेळगावात होईल का?

जांभामाती

नमस्कार मंडळी,

माझ्या एमटीबीचा, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलचा, ड्रॉपर सीटपोस्ट (चालवताना बटण दाबून सीट खाली-वर करणारा दांडा) खोलून सर्व्हिस करायचा आहे. बेळगावात, नाहीतर कोल्हापूर-हुबळीपर्यंत कुणी हे काम केलं असेल किंवा करून घेतलं असेल, तर सविस्तर लिहा. उपकार होतील.

पोस्ट रॉकशॉक्स कंपनीचा रिव्हर्ब, ए2 पिढीचा. जाडी 30.9 मिमी, ट्रॅव्हल (सीट खाली-वर होण्याचं अंतर) 125 मिमी. रिमोटची, म्हणजे हँडलवरच्या बटणाची, तेलाची नळी बाहेरून येऊन सीटच्या खाली जोडली जाते, कारण माझी फ्रेम जुनी आहे आणि तिला आतून नळी न्यायला भोकच नाही. 2017 च्या मॉडेलपासून बी1 पिढी आली आणि ही मागे पडली.

त्रास असा: सीट पूर्ण वर असताना बसलं की बोटभर दबते, उठलं की पुन्हा वर येते. बटण दाबून खाली नीट जाते, पण वर येताना रेंगाळते. सीटचं टोक धरून हलवलं तर डावी-उजवीकडे थोडी फिरते. बाहेर तेल कुठेही दिसत नाही.

राजहंसगडाची उतरण, वैजनाथच्या डोंगरामागच्या पायवाटा, पावसाळ्यात जांबोटीकडचा लाल चिखल, सगळं ह्या पोस्टने सोसलंय. वयोमानाने आतल्या ओरिंगा, म्हणजे रबरी कड्या, झिजणारच, त्याची तक्रार नाही. पण दुकानात नेला की "हे खोलत नाहीत, नवा घ्या" एवढंच ऐकायला मिळतं. माझं मन मानत नाही. ज्या गावात हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनतात, तिथे वीतभरही ट्रॅव्हल नसलेलं हे नळकांडं खोलणारं कुणी मिळू नये?

येळ्ळूरगड

भावा, खोलायच्या आधी फुकटातल्या तपासण्या करून घे.

फ्रेमचा सीट क्लॅम्प सैल कर आणि सीट वर-खाली करून बघ. रेंगाळणं तिथेच थांबलं तर क्लॅम्प जास्त आवळलेला होता. ह्या पोस्टसाठी कमाल 6.7 न्यूटन-मीटर सांगितलंय. आपल्याकडे टॉर्क पाना कोण वापरतो, मनगटाला वाटेल तेवढं पिळतात. बाहेरची नळी किंचित चेपली की आतली नळी घासायला लागते. पोस्ट घसरत असेल म्हणून जास्त आवळला असशील, तर आधी पोस्ट आणि फ्रेम पुसून कोरडी कर आणि अगदी पातळ थर ग्रीसचा लाव. कार्बन फ्रेम असेल तर ग्रीस नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट येते.

दुसरं म्हणजे रिमोटचं तेल आणि पोस्टचं तेल ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, ती एकमेकांत मिसळत नाहीत. रिमोटच्या नळीत हवा शिरली तर बटण पोकळ लागतं आणि पोस्ट हळू चालतो. त्याला सिरिंजने ब्लीड करायचं, म्हणजे नळीतली हवा काढायची, तासाभराचं काम. पण बसल्यावर सीट दबते, त्याला रिमोटचं ब्लीडिंग कितीही केलंस तरी काही होणार नाही. तो आजार पोस्टच्या पोटातला आहे.

व्हर्नियर

येळ्ळूरगड बरोबर सांगतायत. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्समध्ये नोकरी करते, आणि सायकलही चालवते, म्हणून पोटात काय चाललंय ते जरा नीट लिहिते. कारण कळलं की खोलताना भीती राहत नाही.

ह्या पोस्टमध्ये सीट तेलाच्या खांबावर उभी असते. आत एक छोटा पॉपेट व्हॉल्व्ह आहे. तो बंद असतो तेव्हा तेल एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही, आणि तेल दाबलं जात नाही, म्हणून सीट जिथल्या तिथे थांबते. बटण दाबलं की रिमोटमधलं तेल त्या पॉपेटला ढकलून उघडतं. मग तुमच्या वजनाने सीट खाली जाते, वजन काढलं की हवेच्या दाबाने वर येते. हा हवेचा दाब 250 पीएसआय.

आता हवा आणि तेल एकाच नळीत शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो, सिरिंजमधल्या रबरी बुचासारखा. इंग्रजी कागदपत्रांत त्याला आयएफपी म्हणतात. त्याच्या ओरिंगेवर एका बाजूने कायम 250 पीएसआय आहे. ती ओरिंग वर्षानुवर्षं दाबाखाली राहून चपटी झाली, किंवा मातीचा कण अडकून तिला ओरखडा गेला, की हवा थोडी-थोडी तेलाच्या बाजूला झिरपते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. खांबात हवेचे बुडबुडे आले, म्हणून तुमची सीट दबते आणि उठल्यावर परत येते. बाहेर तेल न दिसण्याचं कारणही हेच, गळती आतल्या आत आहे.

म्हणजे बदलायचंय काय? काही ओरिंगा, तेल, आणि तो पिस्टन पुन्हा ठरलेल्या खोलीवर बसवायचा. कंपनीने मॉडेल बंद केलं म्हणून ह्यातलं काहीही जगातून नाहीसं होत नाही.

आमच्या गावाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनापासून पटलं. सुरेश हुंदरे यांनी 1981 साली इथे पॉलिहायड्रॉन ही हायड्रॉलिक्सची कंपनी उभी केली, आणि आज उद्यमबाग-मच्छे पट्ट्यात हायड्रॉलिक्सची कामं करणारे किती वर्कशॉप आहेत ते फिरल्याशिवाय कळत नाही. तेलाची दिशा बदलणाऱ्या डायरेक्शन कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये स्पूल (सरकणारा दांडा) आणि बोअर (त्याचं भोक) यांमधली फट काही मायक्रॉनची असते. ते काम रोज करणाऱ्या हातांना सीटपोस्ट जड नाही. फक्त आतलं चित्र आणि मापं त्यांच्यासमोर ठेवायला हवीत.

चंदगडी

ताई लई भारी समजावलासा. एक विचारतो. आमच्याकडं शिनोळी फाट्यावर पंक्चरवाल्याकडं मोठा कॉम्प्रेसर हाय. आधी नुसती हवा भरून बघितली तर चालंल की? खोलायची कटकट कशाला?

व्हर्नियर

दादा, पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर साधारण 8 ते 10 बारचा असतो, म्हणजे 115 ते 145 पीएसआय. पोस्टला लागतात 250, म्हणजे 17 बारच्या वर. तिथे लावलात तर हवा भरायच्या ऐवजी पोस्टमधलीच बाहेर येईल. ह्याला सस्पेंशनचा शॉक पंप लागतो, 300 पीएसआयपर्यंत जाणारा. हातात मावतो, आणि पुढे शॉक असलेली सायकल असणाऱ्या प्रत्येकाकडे असायलाच हवा.

शॉक पंपाचीही एक गंमत ध्यानात ठेवा. पोस्टमधली हवेची जागा फार लहान आहे. पंप जोडला की पंपाच्या नळीत हवा शिरते आणि काटा खरा दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणून 250 ला आणून पंप काढा आणि "बघू किती आहे" म्हणून पुन्हा जोडू नका. दर वेळी थोडी हवा जाते.

दाब कमी झाल्यामुळे सीट हळू वर येत असेल तर हवा भरून फरक पडेल. दबणं मात्र जाणार नाही. बुडबुडे तेलातच राहतील.

आणि सगळ्यांसाठी कळकळीने सांगते, खोलायच्या आधी व्हॉल्व्हची सुई दाबून सगळी हवा सोडा. आवाज थांबला तरी पोस्ट पुन्हा एकदा हलवून परत दाबा. 17 बारवर असलेला पार्ट आट्या सुटल्यावर समोर कुणाचा चेहरा आहे ते बघत नाही.

निपाणी_हायवे

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये.

केबलवर चालणारे नवे ड्रॉपर आता पुष्कळ आहेत. त्यांच्या आत सीलबंद कार्ट्रिज, म्हणजे न खोलता येणारी तयार नळी, असतं. बिघडलं तर अख्खं कार्ट्रिज काढून दुसरं टाकायचं, तेल नाही, सिरिंज नाही. केबल तुटली तर निपाणीत गल्लीतल्या दुकानातही गिअरची केबल मिळते. जुन्या हायड्रॉलिक पोस्टमध्ये जीव अडकवून घ्यायचा, पार्ट शोधत फिरायचं, आणि कंकुंबीच्या जंगलात नळी फाटली तर सीट खाली ठेवून परत यायचं. हे मला परवडत नाही.

जांभामाती

निपाणीकर, तुमचं म्हणणं खोटं नाही, राग कसला. नवा घेणाऱ्याला मीही केबलचाच सांगेन. पण सीलबंद कार्ट्रिजचा भरवसा कार्ट्रिज मिळतंय तोवरच. ब्रँड-एक्सचा असेंड पोस्ट आपल्याकडे कितीजणांनी विलायतेहून मागवला होता आठवतं ना? तो चेन रिअॅक्शन सायकल्स ह्या ऑनलाइन दुकानाच्या घरचा ब्रँड. ऑक्टोबर 2023 मध्ये विगल-चेन रिअॅक्शन दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. सीलबंद वस्तू खोलता येत नाही म्हणूनच ती सोपी, आणि पार्ट येणं थांबलं की खोलता येत नाही म्हणूनच ती संपते. माझा पोस्ट क्लिष्ट आहे, पण प्रत्येक आटी उघडते. रॉकशॉक्सने सर्व्हिसचं मॅन्युअल चित्रांसह सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. ते मी आता छापून घेतलंय.

येळ्ळूरगड

असेंडबद्दल थोडं. तो तैवानच्या ट्रान्झएक्सने बनवलेला, त्यामुळे ट्रान्झएक्सचं कार्ट्रिज काही मॉडेलना बसतं. लांबी आणि वरचं-खालचं टोक मोजून मगच मागवा. असेंडवाल्यांनी वेगळा धागा काढावा, इथे सरमिसळ नको.

रिंगरोड_सील

माझं शहापुरात सील-ओरिंगचं दुकान आहे, सायकलचं मला काही कळत नाही. मुलाने हा धागा दाखवला. ओरिंगेवर थोडं बोलतो, कारण दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा जुनी ओरिंग चिमटीत धरून "अशी द्या" म्हणतं, आणि घोळ तिथेच होतो.

जुनी ओरिंग चपटी झालेली असते. तिची जाडी मोजली तर मूळ जाडीपेक्षा कमी येते. त्या मापाची नवी घेतली की ती पहिल्या दिवसापासून सैल. म्हणून ओरिंग नको, तिची खाच मोजून आणा. खाचेची रुंदी, खाचेच्या तळाचा व्यास, आणि ती ज्या नळीत सरकते तिचा आतला व्यास. ह्या तीन मापांवरून जाडी काढता येते. मागे-पुढे सरकणाऱ्या कामात ओरिंग साधारण 10 ते 20 टक्के दाबली जाईल एवढीच घ्यावी. जास्त घेतली तर गळणार नाही, पण पिस्टन अडकत चालेल आणि ओरिंग लवकर जाईल.

परदेशी वस्तूत मेट्रिक माप असेल असं धरून चालू नका. इंचाच्या मालिकेतल्या ओरिंगाही सर्रास असतात. 1.78 मिमी जाडी म्हणजे इंची माप, 1.8 म्हणून मेट्रिक दिली तर कधी चालते, कधी नाही. दोन्ही आमच्याकडे असतात, वेगळं मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काळी ओरिंग म्हणजे एकच रबर नव्हे. खनिज तेलाला एनबीआर, म्हणजे नायट्राइल. गाडीच्या ब्रेकच्या तेलाला, म्हणजे डॉटला, ईपीडीएम. दोन्ही काळ्याच. ईपीडीएम खनिज तेलात फुगते, एनबीआर डॉटमध्ये फुगते. शंका असेल तर एक ओरिंग तुमच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी मोजा. फुगली असेल तर ती ह्या कामाची नाही. कडकपणा 70 शोअर मागा.

व्हर्नियर

काका, हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार. डॉटचा मुद्दा सायकलवाल्यांसाठी फार कामाचा आहे. स्रॅमच्या पुष्कळ ब्रेकमध्ये डॉट असतं आणि रिव्हर्ब त्याच घरचा, म्हणून लोक एकच सिरिंज दोन्हीकडे वापरतात. डॉटची सिरिंज वेगळी ठेवा, पिशवीही वेगळी.

चंदगडी

तेलाचं काय मग? आमच्या भावाच्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल पडून हाय डबाभर.

व्हर्नियर

नको दादा. ट्रॅक्टरचं तेल फार जाड. उद्यमबागेत 46 आणि 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल सगळीकडे मिळतं. तो आकडा म्हणजे 40 अंश तापमानाला तेल किती जाड आहे त्याचं माप. ह्या पोस्टला 2.5 वेटचं, अगदी पाण्यासारखं पातळ तेल लागतं. आतली भोकं त्याच हिशोबाने पाडलेली आहेत. 46 टाकलं तर सील सुरक्षित राहतील, पण सीट वर यायला इतका वेळ घेईल की ड्रॉपर असून नसल्यासारखा.

कुणी स्पिंडल ऑइल सुचवेल. ग्राइंडिंग मशीनच्या स्पिंडलला 10 नंबरचं मिळतं, तेही खनिज आणि पातळ. अडल्या वेळी मी ते विचारात घेईन, पण जेव्हा कंपनीचं किंवा चांगल्या नावाचं 2.5 वेटचं सस्पेंशन तेल छोट्या बाटलीत मागवता येतं, तेव्हा प्रयोग कशाला? एका सर्व्हिसला तेल फार लागत नाही. आणखी एक, "वेट" हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने लावते, त्यामुळे एका कंपनीचं 5 वेट दुसरीच्या 2.5 च्या जवळ असू शकतं. बाटलीच्या माहितीपत्रकात 40 अंशाचा आकडा शोधा आणि तोच ताडून बघा.

लेथवाले_काका

मच्छेत माझा छोटा जॉबवर्कचा शेड आहे. पोरांचं बोलणं वाचून बरं वाटलं. दोन कामं माझ्यासारख्याच्या हातची दिसतात.

एक, पकडायचं साधन. असल्या नळ्या आणि शाफ्ट नुसत्या शिकंज्यात धरले की गेले, चरे पडतात आणि मग कितीही नवी सील टाका, गळणार. शाफ्टच्या मापाचं भोक पाडून ते मधोमध चिरलेले अॅल्युमिनियमचे ब्लॉक लागतात. घेऊन या, मापं घेऊन बनवतो.

दुसरं, ते डावं-उजवं फिरणं. जांभामाती, त्यात खाच आणि पट्टी असणार बहुतेक. कशाची आहे?

जांभामाती

काका, पितळेच्या तीन छोट्या की आहेत. वरच्या आणि खालच्या नळीतल्या खाचांत बसतात आणि सीटला फिरू देत नाहीत. त्या वेगवेगळ्या मापांत येतात, कुठलं माप ते कीवरच्या खुणांवरून कळतं, आणि तिन्ही एकाच मापाच्या लागतात. झिजल्या की एक माप मोठी घालायची.

लेथवाले_काका

पितळच झिजतं आणि नळी वाचते, म्हणून पितळ ठेवलंय. डोकं लावलेलं काम आहे. मिळत असतील तर विकतच्या घ्या. नाही मिळाल्या तर जुनी की आणि खाच मला मोजू द्या, ग्राइंडिंगवर शतांश मिलिमीटरपर्यंत आणून देतो. आणि ती वरची चकचकीत नळी अॅल्युमिनियमची असणार, वरचा थर अॅनोडायझिंगचा. बारीक चरा दिसला म्हणून कुणी तिला हार्ड क्रोम करायला सांगेल तर थांबा. ते काम लोखंडी रॉडचं. ह्या नळीवर थर चढवलात तर व्यास बदलेल आणि आतलं काहीच बसणार नाही.

जुना_सायकलस्वार

मंडळी, थोडं मागचं. सीट चालवताना खाली घ्यायची सोय ही आजची नाही. 1984 च्या सुमारास अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी हाइट राइट नावाची एक स्प्रिंग आणली. एक टोक सीटपोस्टला, दुसरं फ्रेमला. क्विक रिलीज (सीटपोस्ट आवळणारा खटका) सोडायचा, वजनाने सीट खाली दाबायची, आवळायचा. वर हवी असेल तर सोडला की स्प्रिंग वर आणते, आणि सीट सरळच राहते. तेल नाही, हवा नाही.

रिव्हर्ब 2010 मध्ये आला तेव्हा त्याने हँडलवर हायड्रॉलिक बटण दिलं आणि मधल्या कुठल्याही उंचीवर थांबण्याची सोय चांगल्या रीतीने दिली. तिलारी घाटाच्या कडेने जाणाऱ्या वाटांवर चढ-उतार इतके पटापट बदलतात की हात हँडलवरून काढायला फुरसत नसते. जांभामातीने हा पोस्ट वाचवावा असं माझंही मत. काम झाल्यावर फोटो आणि मापं इथे टाक बाळा.

जांभामाती

काम झालं. सविस्तर लिहितोय.

लेथवाले काकांच्या शेडमध्ये बसून केलं, व्हर्नियर ताई सुट्टीच्या दिवशी वेळ काढून आल्या. काकांनी ब्लॉक आधीच करून ठेवले होते. शेडमध्ये लोखंडाचा कीस उडत असतो म्हणून एका कोपऱ्यात टेबल धुऊन, त्यावर स्वच्छ पांढरा कपडा अंथरून तिथेच सगळं उघडलं. पांढराच हवा, पडलेली ओरिंग लगेच दिसते.

बाहेरून नळीच्या पोस्टमध्ये हवेचा व्हॉल्व्ह खालच्या टोकाला असतो, त्यामुळे पोस्ट फ्रेममधून काढल्याशिवाय तो दिसतच नाही. हवा सोडली, पोस्ट हलवून पुन्हा सोडली, मग मॅन्युअलच्या क्रमाने पुढे गेलो. प्रत्येक भाग काढला की त्याच क्रमाने कपड्यावर मांडून फोटो. वरच्या डस्ट सीलच्या खाली लाल मातीचा बारीक लेप होता, ग्रीसमध्ये कालवलेला. नळीवर नखाला लागेल असा चरा नाही, हे बघून जीव भांड्यात पडला.

तेल ओतलं तेव्हा ताईंनी सांगितलेलं डोळ्यांनी दिसलं. फेस आणि करडा रंग. तरंगत्या पिस्टनची ओरिंग बाहेरच्या बाजूने चपटी, हाताला कडा लागत होती. ती, पॉपेटच्या आणि सीलहेडच्या ओरिंगा सगळ्या बदलल्या. शहापूरच्या काकांनी खाचेच्या मापावरून दिलेल्या ओरिंगांपैकी काही इंची निघाल्या, काही मेट्रिक, त्यांनी सांगितलं होतं तसंच. डस्ट सीलचा आकार मात्र वेगळा असल्यामुळे तो दुकानात मिळण्यासारखा नाही. जुनाच स्वच्छ करून, ग्रीस लावून बसवला. हा एक भाग ऑनलाइन मिळेल तिथून मागवून ठेवणार आहे.

धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कपडा वापरला. रॉकेल-डिझेल टाळलं, मागे तेलकट थर राहतो आणि त्यात शेडची धूळ चिकटते.

खरी कसोटी पिस्टनच्या खोलीची. ट्रॅव्हलप्रमाणे ही खोली वेगळी असते आणि कंपनीचं त्यासाठी खास माप-हत्यार येतं. ते आमच्याकडे नव्हतं. मॅन्युअलमधला 125 चा आकडा घेऊन काकांनी एका डेल्रिनच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, दांड्यावर खांदा काढून दिला, त्या खांद्यापर्यंत ढकललं की पिस्टन बरोबर खोलीवर. व्हर्निअरच्या मागच्या दांडीने पुन्हा तपासलं. दुसऱ्या ट्रॅव्हलच्या पोस्टवाल्यांनी आमचा दांडा मागून नेऊ नये, तुमचा आकडा वेगळा आहे.

तेल काठोकाठ भरल्यावर घाई केली नाही. नळी उभी ठेवून बोटाने टिचक्या मारत राहिलो, बुडबुडे येत राहिले, बराच वेळ येत राहिले. ताई म्हणाल्या, इथे वाचवलेला वेळ राजहंसगडावर परत द्यावा लागतो. बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच पिस्टन घातला. मग जुळणी, हवा 250, आणि शेवटी रिमोटचं ब्लीडिंग.

आता सीट दगडासारखी ठाम उभी राहते. वर येते तीही चटकन, वरच्या टोकाला टक्क आवाज येतो. शेडमधली पोरं आळीपाळीने बटण दाबून बघत होती.

पितळी की विकतच्या आल्या, आमच्यापेक्षा एक माप मोठ्या. डावं-उजवं फिरणं अगदी किंचित उरलंय, चालवताना कळत नाही.

ताई, दोघे काका, येळ्ळूरगड, तुमच्यामुळे झालं. काकांनी ब्लॉकचे पैसे घ्यायला साफ नकार दिला, म्हणून त्यांच्या घरी कुंदा पोचवलाय.

खानापूर_जंगलवाट

अभिनंदन! माझ्याकडे हाच पोस्ट आहे, अजून ठीक चालतो. असाच राहावा म्हणून काय करू? आमच्याकडे पावसाळ्यात चिखलाशिवाय वाटच नाही.

येळ्ळूरगड

घरी आल्यावर सीट पूर्ण वर करून वरची नळी ओल्या फडक्याने पूस, मग कोरड्याने. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर धरू नको. पावसाळा संपला की वरची कॉलर खोलून माती काढ आणि सस्पेंशनचं ग्रीस लाव. एवढं पोटात हात न घालता घरी होतं.

आणि सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नको. एसटीच्या टपावर चढवताना खालून एकजण सीट धरून ढकलतो, वरचा सीट धरून ओढतो, हे नेहमीचं. दबलेला पोस्ट असा बाहेर ओढला की आत हवा तेलाच्या बाजूला खेचली जाऊ शकते. फ्रेम धरायला सांग. घरात सायकल सीटवर टांगून ठेवत असशील तर तेही बंद कर, निदान सीट पूर्ण वर करून टांग.

निपाणी_हायवे

जांभामाती, मनापासून अभिनंदन. माझं मत बदललं असं नाही म्हणणार, पण माझ्या पुतण्याकडे बी1 पडून आहे, आतून नळीवाला स्टेल्थ. तुमच्या पद्धतीने होईल का?

व्हर्नियर

तत्त्व तेच आहे, पिस्टन तोच, 250 पीएसआय तेच. पण स्टेल्थमध्ये नळी खालून शिरते, त्यामुळे खोलायचा क्रम वेगळा. ए2 चं मॅन्युअल समोर ठेवून बी1 खोलू नका, त्याचं स्वतंत्र आहे. पुतण्याला पोस्टवरचा नंबर, जाडी आणि ट्रॅव्हल इथे टाकायला सांगा. सी1, म्हणजे 2020 च्या मॉडेलपासूनचा असता तर खोलायचीच गरज नव्हती. त्यात वेगळा व्हेंट व्हॉल्व्ह दिलाय, तेलात शिरलेली हवा त्यातून काढता येते.

रिंगरोड_सील

मी ह्या कामाच्या ओरिंगांचं एक पाकीट वेगळं करून ठेवतोय, सगळी एनबीआर 70. जांभामाती, तुमच्याकडच्या मापांची यादी पाठवा, इंची कुठली आणि मेट्रिक कुठली ते लिहून. बी1 वाल्यांनी खाच मोजूनच यावं.

जांभामाती

यादी आज रात्री इथेच टाकतो काका, प्रत्येक ओरिंग कुठे बसते त्याच्या फोटोसकट. शाफ्टचे ब्लॉक मच्छेत काकांकडेच ठेवलेत, लागतील त्यांनी आधी त्यांना कळवून जावं. शॉक पंप माझ्याकडे आहे, टिळकवाडीत येऊन वापरा.